सोवळ्याचा मळा

माघातली सकाळ होती. काळू नदीकाठचा गारवा अजून हटला नव्हता, तरी धोंडीबाई सुनेला घेऊन मळ्यात उतरली होती. काम रोजचंच. कलिंगडं आता पोराच्या डोक्याएवढी झाली होती. एकेक फळ हलक्या हातानं उचलायचं, बूड बघायचं, खाली भाताच्या पेंढ्याची मूठ सारायची आणि देठ न पिळता फळ पुन्हा टेकवायचं. ओल्या मातीवर बसलेलं फळ बुडाकडून कुजतं, हे रुपालीला माहेरीच ठाऊक झालं होतं. तिचं माहेर शहापूरकडचं, डोळखांबच्या वरच्या अंगाला. तिकडे पावसाळ्यात डोंगरउतारावर चिबुडाचे वेल लावतात. चिबूड सांभाळणं म्हणजे तान्ह्या पोराचं बूड कोरडं ठेवणं, असं तिची आई म्हणायची.

"आत्या, हे बघा कसं गुबगुबीत झालंय. आपल्या अक्षदेसारखं," रुपाली म्हणाली. सासूला आत्या म्हणायची तिकडे रीत.

"नजर नको लावू गो. फळाला बी नको आन पोरीला बी नको," धोंडीबाई म्हणाली. पण तिलाही हसू आलं.

अक्षदा म्हणजे रुपालीची दोन वर्षांची लेक. ती बांधाच्या सावलीत गोधडीवर बसून पेंढ्याच्या काड्या तोंडात घालत होती. तिचा बाप पंढरी गेल्या वर्षापर्यंत भिवंडीला यंत्रमागावर होता. महिन्यातून एकदा यायचा, रात्रभर खोकायचा आणि सकाळी परत जायचा. यंदा रुपालीनं हट्ट धरला. भात निघाल्यावर सगळं रान तसंच मोकळं पडतं, त्यात कलिंगड लावू, बंधाऱ्याचा पाट शेतापर्यंत आलाच आहे, आणि पीक साधलं तर तुम्ही इथंच राहायचं, असं ती नवऱ्याला म्हणाली. हे १९९६ साल. पंढरी आला, राहिला. नवरा रोज डोळ्यांसमोर दिसतो एवढ्या सुखावर रुपाली उडत होती. मळा साधला तर हे सुख टिकणार होतं. नाही साधला तर पंढरी पुन्हा भिवंडीची वाट धरणार, हे घरात कुणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं.

आता त्या मळ्याच्या बांधाबद्दल सांगितलं पाहिजे. बांध गुडघ्याएवढासुद्धा नव्हता. शेळीचं करडू उडी मारून पलीकडे जाई. पण बाहेर बसलेल्या बाईला तो डोंगराएवढा. विटाळशीची सावली वेलावर पडली की वेल करपतो, फळ कुजतं, असं त्यांच्या वाकळपाड्यात सगळे मानत. वांगी-मिरचीला तेवढं नाही, पण वेलवर्गाला फार. काकडी, दोडका, भोपळा, कलिंगड, सगळे वेल म्हणे सोवळ्याचे. धोंडीबाई नवरी होऊन आली तेव्हा सासूनं हे शिकवलं आणि तिनं ते डोळ्यांत तेल घालून पाळलं. आपल्या मळ्यात आजवर एक विटाळशी शिरली नाही, असं ती चारचौघींत छाती पुढे काढून सांगे. बिचारीकडे मिरवायला दुसरं होतंच काय?

शिरली नाही असं म्हणायची, पण त्याला एक गालबोट लागलं होतं. आदल्या वर्षी मळ्याच्या कडेला लावलेल्या काकडीच्या वेलांत काम करता करताच रुपालीला पाळी आली. पोर सरळ. लपवलं नाही. हातातली पाटी ठेवून बांधाबाहेर आली आणि म्हणाली, "आत्या, मी भायेरची झाले." चार दिवसांनी काकड्यांना बुरशी दिसली. मग काय, धोंडीबाईनं शेजारणींच्या देखत तिला बांधावर बसवलं आणि वेलाची माफी मागून नाक घासायला लावलं. रुपालीनं घासलं. नाकाचं सालपट निघालं होतं. संध्याकाळी धोंडीबाईनंच त्याला हळद लावली आणि ताटात भाकरी वाढताना तुपाचा गोळा जरा मोठा घातला. दुष्ट नव्हती ती. ती दुष्ट असती तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

तर त्या माघात काय झालं, पंढरीनं संध्याकाळी पाट मळ्यात सोडला आणि तो सापगावला भाच्याच्या बारशाला गेला. तिथं पंगती उठता उठेनात. पाणी सकाळपर्यंत चाललं. सगळा मळा डबडबला. पेंढा भिजून चोथा झाला. तीन-चार दिवसांत खालच्या अंगाच्या वाफ्यांत फळांची बुडं मऊ पडली आणि त्यांवर पांढरा कापूस पिंजून ठेवल्यासारखी बुरशी चढली. बोट लावलं की आत जाई.

धोंडीबाई वाफ्यावाफ्यातून फिरून फळं बघून आली. पाण्याचं तिच्या मनातही आलं नाही. तिनं सुनेला हाक मारली.

"रुपाले, खरं सांग. भायेरची व्हतीस का?"

"नाय आत्या."

"शिवाशिव झाली आसंल, चुकून?"

"नाय वो आत्या. अक्षदेच्या डोक्यावर हात ठिवून सांगते." आणि तिनं खरोखरच पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

ते खरंच होतं. रुपाली दोन महिने बाहेर बसली नव्हती. धोंडीबाईनं तेही मनात टिपून ठेवलं होतं आणि अक्षदेच्या पाठीवर नातू येणार म्हणून ती आतून सुखावली होती. पोर आपणहून सांगेल तेव्हा सांगेल, म्हणून विचारलं नव्हतं एवढंच. मग विटाळ सुनेचा नव्हता. वाटेनं जाणाऱ्या कुणा परक्या बाईची सावली पडली असणार. त्याला उपाय एकच, उतारा.

उतारा कसा करायचा ते धोंडीबाईला सासूनं दाखवलं होतं. तिनं सगळ्यांत जास्त सडलेलं फळ निवडलं, त्यावर हळदकुंकू वाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि ते फळ हातांत धरून मळ्याभोवती फेऱ्या घातल्या. मग आणखी सडकी फळं आणून मळ्याच्या चारी कोपऱ्यांत आपटून फोडली. आणि ओवाळलेलं फळ पाटाच्या तोंडाशी नेऊन पाण्यात सोडलं, पाण्याबरोबर इडापिडा वाहून जावी म्हणून. पाण्याबरोबर काय वाहिलं आणि कुठं गेलं, ते पुढं आठ दिवसांत दिसलंच.

आधी बुरशीनं खालचेच वाफे धरले होते. आता वरचेही धरले. पंढरी तालुक्याला जाऊन कृषी सहायकाला घेऊन आला. तरुण माणूस, मोटरसायकलवरून आला, पायजम्याचे पाय दुमडून थेट चिखलात बसला. फळ उलटंपालटं करून म्हणाला, "ही बुरशी आहे. जमिनीत असते, ओल मिळाली की चढते. पाणी कमी करा, सकाळी द्या आणि पाट बंद करूनच घरी जा. ओला पेंढा काढून कोरडा घाला. सडलेलं फळ दिसलं की त्याच दिवशी उचला आणि मळ्यापासून लांब खड्ड्यात पुरा, वर चुना टाका. बाकी फळांवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारा. पण फवारा मारून सडकं फळ तसंच ठेवलंत तर काही उपयोग नाही. आधी वेचणी."

मग तो पाटाच्या तोंडाशी गेला. तिथं फुटक्या कलिंगडाची सालं अडकली होती.

"हे इथं कुणी टाकलं? अहो, सगळा रोग पाण्यातून मळाभर फिरवलात!"

धोंडीबाईनं पदर पुढे ओढून नदीकडे तोंड केलं. पंढरीनं आईकडे पाहिलं. तेवढ्यात रुपाली म्हणाली, "गुरं शिरली व्हती सायेब. त्यांनी फोडली, ती वाहत आली आसतील."

सहायक मान हलवून निघून गेला. धोंडीबाईनं सुनेकडे पाहिलं, पण रुपाली पोरीचं नाक पुसत बसली होती. त्या दिवसानंतर धोंडीबाई तिच्याशी जरा जास्तच मायेनं वागू लागली. पण पाटातल्या फळाबद्दल दोघींपैकी कुणीच चकार शब्द काढला नाही.

वेचणी रुपालीनं अंगावर घेतली. पंढरी पाणी आणि फवारणी बघे, धोंडीबाई पेंढा वाळवी आणि रुपाली पहाट फुटली की पाटी घेऊन वाफ्यांतून फिरे. सडकी फळं जड असतात, पाणी धरून बसतात. पाटी भरली की डोक्यावर घेऊन ती नदीच्या अंगाला खड्ड्यावर जाई आणि रिकामी करून परत येई. हळूहळू मळा सावरू लागला. वरच्या वाफ्यांत नवी बुरशी दिसेना. पंढरी संध्याकाळी ओटीवर बसून भिवंडीच्या मालकाची नक्कल करू लागला. रुपाली हसून हसून वाकायची. तिचं पोट दुखायला लागलं होतं ते मात्र हसण्यानं नव्हतं.

धोंडीबाईला हे कळलं तेव्हा वेळ गेलेली होती. वाचणाऱ्यानं आत्ताच ऐकून ठेवावं. रुपालीला दिवस गेले होते आणि ते टिकत नव्हते. रक्त दिसायला लागलं होतं. पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी जरा जास्त. तिनं कुणाला सांगावं? रक्त ते रक्त. सांगितलं असतं तर उठून गोठ्याच्या पडवीत बसावं लागलं असतं आणि वेचणी थांबली असती. ते एक. पण खरी भीती वेगळीच होती. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तिनं शपथ घेतली होती. आता रक्त दिसलं तर आत्या म्हणणार, तेव्हाही होतंच, खोटी शपथ घेतलीस, मळा तू बुडवलास. पुन्हा बांधावर नाक. आणि या वेळी पंढरीही बघणार. रुपालीनं जुन्या लुगड्याच्या घड्या केल्या आणि पाटी उचलली.

धोंडीबाईला तिचा चेहरा पांढरा पडलेला दिसत होता. तिनं त्याचा अर्थ आपल्या मनासारखा लावला. "दिवसच तसं आसत्यात," असं मनात म्हणून तिनं सुनेसाठी चिंच आणून ठेवली.

"दमलीस गो. बस जरा."

"एवढा वाफा झाला की बसते, आत्या."

त्या दिवशी पंढरी मोरचूद आणायला मुरबाडला गेला होता. पाड्यातले बाकीचे पुरुषही कुणी कामावर, कुणी बाजाराला. धोंडीबाई बांधावर पेंढा पसरत होती. रुपाली वाफ्याच्या मधोमध फळ उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. पाटी कलंडली. धोंडीबाई धावली, आणि बांधापाशी थबकली. रुपालीच्या पायांखालचा पेंढा लाल झाला होता.

त्या क्षणी धोंडीबाईच्या तोंडून काय निघालं, ते तिला पुढं जन्मभर कानांत ऐकू येणार होतं.

"भायेर ये! रुपाले, आधी भायेर ये वेलांतून!"

रुपालीला उभं राहवेना. ती हातांवर भार देऊन सरकू लागली. सरकतानाही देठ तुटू नये म्हणून एका हातानं वेल बाजूला सारत होती. धोंडीबाईनं हे पाहिलं. पाहिलं, आणि तरी ती बांधावरच उभी राहिली.

ओरडा ऐकून शेजारची हिराबाई आली, आणखी दोघी-तिघी आल्या. सगळ्यांनी ओळखलं की पोट पडलंय. यातल्या प्रत्येकीचं कधी ना कधी पडलं होतं. सगळ्या चुकचुकल्या. एकीचे तर डोळे भरून आले. पण तिला उचलून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचं कुणी? जी शिवेल तिला चार दिवस स्वतःच्या मळ्यात पाऊल टाकता येणार नाही. आणि त्या वर्षी पाड्यात ज्याच्या त्याच्या दारी वेल होते, फळं भरात होती.

"पडून राहू दे. थांबतं ते आपोआप," हिराबाई म्हणाली. "पंढरी येईल एवढ्यात."

रुपाली गोठ्याच्या पडवीत गोणपाटावर पडली. पाणी मागितलं. धोंडीबाईनं तांब्या उंच धरून तिच्या ओंजळीत धार सोडली. अर्धं पाणी कोपरावरून ओघळून गेलं. अक्षदा "आय, आय" करत तिकडे निघाली तशी हिराबाईनं तिला उचलून लांब नेलं. सूर्य माथ्यावर आला, कलला. धोंडीबाई पडवीच्या बाहेर उकिडवी बसून होती. देवाला नवस बोलत होती, रस्त्याकडे बघत होती, सुनेला हाका मारत होती. सगळं करत होती. फक्त हात लावत नव्हती.

पंढरी आला. त्यानं पिशवी टाकली आणि काही न विचारता बायकोला दोन्ही हातांवर उचललं. तो तिला घेऊन रस्त्याकडे पळत सुटला तेव्हा धोंडीबाईला काय झालं कोण जाणे, तीही धावली. जीप मिळाली. मागच्या बाकावर तिनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. सकाळपासून पहिल्यांदा. कपाळ गार लागलं, दगडासारखं.

"रुपाले, मी हाय गो. आत्या हाय तुजी."

रुपालीनं डोळे उघडले. तिला वाटलं असावं आपण अजून मळ्यातच आहोत.

"आत्या, डावीकडच्या वाफ्यातली दोन फळं राह्यली. तेवढी उचला." मग जरा दम घेऊन, कुणाचं मन दुखावू नये अशा आवाजात म्हणाली, "पाटात नका टाकू."

मुरबाडला पोचेपर्यंत ती गेली. डॉक्टरीण बाईंनी नाडी बघितली, पापणी उचलून पाहिली आणि विचारलं, "कधीपासून होतं हे? सकाळी आणलं असतं तर." पंढरीनं आईकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घराला सुतक लागलं. सुतकातही वेलांत जायचं नसतं. म्हणजे आता मळ्यात बाई नाही, बुवा नाही, विटाळ नाही, सावली नाही. पाखरं सोडली तर कुणी फिरकलं नाही. धोंडीबाईच्या उभ्या आयुष्यात मळा इतका सोवळा कधी नव्हता. आणि त्याच दिवसांत तो सडला. वेचणारा हात नव्हता. एका फळाची बुरशी दुसऱ्यावर गेली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. तेराव्याच्या आधीच वास घरापर्यंत येऊ लागला. पाहुणे नाकाला रुमाल लावून बसू लागले.

एका सकाळी धोंडीबाई उठून बांधावर गेली. खालपासून वरपर्यंत पांढरा कापूस पसरला होता. ती बघत राहिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, बुरशी म्हणजे काय हे तिला त्या सहायकानं सांगूनही कळलं नव्हतं. पण जन्मभर शेत केलेली बाई होती ती. आता कुणाची सावली? हा प्रश्न तिच्या मनात आला, आणि बोट दाखवायला कुणीच उरलेलं नव्हतं. रुपाली रक्त जात असताना वेचत होती, तेवढे दिवस मळा सुधारत होता. रुपाली बांधाबाहेर गेली आणि मळा गेला. हे इतकं साधं होतं. मळाभर रोग फिरवला तो आपण, हळदकुंकू वाहून, हातांनी. आणि त्या पोरीला ते माहीत होतं. ठाऊक असून तिनं गुरांवर ढकललं.

धोंडीबाई बांध ओलांडून आत गेली.

"सुतक हाय गो तुला!" मागून हिराबाई ओरडली. "येडी झालीस का?"

धोंडीबाईनं ऐकलं नाही. ती डावीकडच्या वाफ्यात जाऊन बसली. रुपालीची पाटी अजून तिथंच कलंडलेली होती. शेजारी दोन फळं होती, किंवा फळांचं जे काही उरलं होतं ते. तिनं ती ओंजळीत उचलली. हातांतून पाणी गळत होतं. तिला लहानपणी आई मेली तेव्हाही रडू आलं नव्हतं एवढं आता आलं. तोंडानं फक्त "चुकले गो, चुकले गो" एवढंच चाललं होतं. सुनेनं वर्षापूर्वी बांधावर जिथं नाक घासलं होतं त्या जागी येऊन तिनं स्वतःचं कपाळ टेकलं. पण माफी कुणाची मागायची? वेलांना काहीच नको होतं. जिची मागायची ती नव्हती.

फळं तिनं नदीकडच्या खड्ड्यात नेऊन पुरली आणि वर चुना टाकला.

पंढरी भिवंडीला परत गेला. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. काही वर्षं आईशी तो कामापुरतंच बोले आणि धोंडीबाईनं त्याचा कधी राग धरला नाही. अक्षदा आजीच्या हाताखाली वाढली. तिच्या आईला काय झालं, हे आजीनं तिला पोर सात-आठ वर्षांची असतानाच सांगून टाकलं. काही लपवलं नाही, स्वतःचंही. पोर दोन दिवस आजीच्या कुशीत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली.

२००७ साल उजाडलं. पंढरीचे मागावरचे दिवस संपले होते, छातीनं साथ सोडली होती. तो घरी आला आणि मळ्यात पुन्हा कलिंगड लागलं. पाड्यात आता घरोघर टीव्ही होते, कुणाकुणाच्या हातात मोबाईल होते. बांध मात्र तेवढाच होता आणि त्या बांधावर बायका अजून थबकत. शिकलेल्या सुनाही थबकत. शाळेत शरीराचा धडा पाठ करून आलेली मुलगी घरी येऊन पडवीत बसे, आणि तिला कुणी काही विचारत नसे.

त्या वर्षी माघातच, शाळेला सुटी असलेल्या दिवशी, अक्षदा आजीबरोबर फळांखाली पेंढा घालत होती. मध्येच ती थांबली. पाटी तिथंच ठेवून बांधाबाहेर जाऊन उभी राहिली. तेरा वर्षांची पोर. चेहरा तिच्या आईचा.

"काय झाला गो?" धोंडीबाईनं विचारलं.

अक्षदा फ्रॉक मागून हातानं धरून उभी राहिली. शेजारच्या मळ्यातून हिराबाईनं मात्र तेवढ्यात ताडलं. ती आता म्हातारी झाली होती, पण नजर तशीच होती.

"भायेरची झाली वाटतं पोर तुजी!" ती तिथूनच ओरडली. "पयलीच वेळ ना? घेऊन जा घरी. पडवीत बसव. फळं भरात हायेत, धोंडे, जपून ऱ्हा."

आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका काम सोडून बघू लागल्या. धोंडीबाईचे गुडघे आता चालत नव्हते. ती वाफ्यातून उठली, काठी टेकत बांधापर्यंत आली. पोरीला घरी नेलं, न्हाऊ घातलं, कापडाची घडी कशी घ्यायची ते दाखवलं, कोरडं नेसायला दिलं, गुळाचा खडा हातावर ठेवला. बायकांना वाटलं, झालं, बसली आता पोर पडवीत. पण थोड्या वेळानं आजी-नात दोघी परत येताना दिसल्या. आजीनं नातीचा हात घट्ट धरला होता.

"पोटात दुखतंय का? दुखत आसंल तर घरी नीज. हितं यायलाच पायजे आसं नाय," धोंडीबाई बांधापाशी थांबून म्हणाली.

"नाय दुखत," अक्षदा म्हणाली. मग बारीक आवाजात, "पण आजी, फळं गेली तर?"

"गेली तर गेली. तुजी आय गेली तवा एक बी फळ वाचला नाय."

असं म्हणून तिनं नातीचा हात धरून तिला बांधावरून आत घेतलं. पलीकडून हिराबाई काहीतरी बोलू लागली. धोंडीबाई वळून तिच्याकडे बघत राहिली, तशी तिची नजर खाली गेली. ती पडवी, तो तांब्या, ती उंच धरलेली धार, दोघींनाही आठवत असणार.

"हिरे, तुजी नात बी आलीय ना वयात?" धोंडीबाई म्हणाली. "घरात घे तिला. आन अंगावर जास्त जायला लागला तर कोनाची वाट बघू नको. उचल आन ने. मी हाय संगती. ह्या हातांनी मी एकीला उचलली नाय. आता पाड्यातली कुठली बी पोर आसू दे, मी शिवनार हाय तिला."

हिराबाई खाली वाकून पुन्हा कामाला लागली, पण हात चालत नव्हते. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांतल्या एका तरुण सुनेनं चेहऱ्यावर पदर ओढून डोळे पुसले.

अक्षदानं पाटी उचलली.

"कुठनं धरू, आजी?"

"डावीकडच्या वाफ्यापासून. बूड बघायचा. मऊ लागला की पाटीत घाल, आन पाटी खड्ड्यावर ने." धोंडीबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि मग पुरं केलं, "पाटात नको टाकू."